गोगलगाय अठरा मिनिटांत पोहोचली

डीजेच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं, असं कुणी विचारलं असतं तर ठेकूने एका सेकंदात सांगितलं असतं. आपण जीव तोडून गाणी वाजवतोय आणि समोर दोनशे माणसं खुर्च्यांवर बसून वेफर्स खातायत. कुर्रम, कुर्रम. तेही ठेक्याच्या बाहेर!

सलग तीन शनिवार हेच चाललं होतं. ठेकू दर शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या हॉलमध्ये, एका कानावर हेडफोन चढवून, एका गाण्याच्या शेपटीला दुसऱ्या गाण्याचं तोंड जोडायची. बोटाने तबकडी किंचित पुढे ढकलायची, दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांवर चपखल बसवायचे, आणि लोकांना कळायच्या आत वेग वाढवत न्यायचा. या ढकलण्यात तिचा हात कुणी धरला नसता. लहानपणी ती जेवताना ताटावर चमच्याने ठेका धरायची, म्हणून घरच्यांनी तिचं नाव ठेकू ठेवलं होतं. भात थंड व्हायचा, पण ठेका चुकायचा नाही.

तिसऱ्या शनिवारनंतर हॉलचे मॅनेजर आले. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा की ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा.

"डीजे मॅडम, लोकांचे कान विटलेत," ते म्हणाले. "माझे तर विटून वाळलेत."

"अहो, फरशी निसरडी आहे तुमची. लोक घाबरतात."

"वा! नाचवता येईना, फरशी निसरडी!" मॅनेजरांनी चाव्या खुळखुळवल्या. "हे बघा, येत्या शनिवारी हॉल बंद आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मला काहीतरी नवीन पाठवा. पाचच मिनिटांचं. पटलं तर शनिवार तुमचा. नाही पटलं तर मी एक फोन आणि एक स्पीकर आणून ठेवतो. तो आपोआप गाणी लावतो. आणि त्याला मध्ये मध्ये चहा लागत नाही."

चहाचं ते वाक्य ठेकूच्या काळजात जाऊन बसलं. चार वर्षं हॉलमध्ये राबून शेवटी आपली बरोबरी कुणाशी, तर बिनचहाच्या फोनशी!

तिच्या एका ढोलकीवाल्या मैत्रिणीने सल्ला दिला, "दक्षिणेच्या शहरात जा. तिथे गाणं रस्त्यात पडलेलं असतं. नुसतं वाकून उचलायचं."

"आणि जेवण कसं असतं गं तिथे?" हा प्रश्न ठेकूचा नव्हता. तो आत्याचा होता. आत्या ठेकूच्या घरी फक्त एक डबा परत करायला आली होती, पण जेवणाचा वास तिला बोलण्यातूनसुद्धा यायचा.

"बोटं चाटत बसाल."

"मी येतेय," आत्या म्हणाली.

"आत्या, मी कामाला चाललेय."

"मग मी कुठे हवा खायला चाललेय? मी जेवायला चाललेय."

आत्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीतून नुकतीच निवृत्त झाली होती. एकतीस वर्षं लोकांच्या नळाच्या कुरकुरी ऐकून ऐकून तिने जाहीर केलं होतं की माझे कान रिटायर झाले, आता फक्त तोंड नोकरीवर आहे. अशा बाईला गाणं शोधायला बरोबर न्यायचं! पण आत्याला नाही म्हणायची हिंमत ठेकूच्या वडिलांमध्येही नव्हती, आणि ते तर तिचे मोठे भाऊ होते.

बसमध्ये करार ठरला. एक तास कानाचा, एक तास पोटाचा.

शनिवारी सकाळी नऊला दोघी उतरल्या, आणि ठेकू खिशातला छोटा रेकॉर्डर चालू करून, कान टवकारून निघाली. पहिल्यांदा सापडलं ते जुन्या तबकड्यांचं दुकान. छतापर्यंत तबकड्या! ठेकूच्या तोंडाला पाणीच सुटलं. पण दुकानदार आजोबा हातमोजे घालून बसले होते.

"ही जरा लावता का?" ठेकूने विचारलं.

"लावता?" आजोबा दचकले. "लावली की झिजते."

"मग लोक विकत घेऊन काय करतात?"

"चांगले लोक ठेवून देतात."

ठेकूने चांगल्या माणसासारखी तबकडी ठेवून दिली आणि बाहेर आली. मग पोटाचा तास. आत्याने चुलीवरचा पाव आणि लसणाचा रस्सा असा हाणला की पाववाला स्वतः स्टूल घेऊन समोर बघत बसला.

पुढच्या कानाच्या तासाला एका गॅरेजमध्ये बँडची तालीम असल्याची बातमी लागली. धावत गेल्या. आत अकरा वाद्यं होती, दहा माणसं होती आणि शुद्ध शांतता होती.

"ट्रम्पेटवाल्याची अक्कलदाढ उपटलीय," मोठ्या ढोलवाल्याने सांगितलं. "तो आला की सुरू करू."

"कधी येणार?"

"सूज उतरली की."

"त्याच्याशिवाय वाजवा ना थोडं."

दहाच्या दहा माणसांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने जावयाशिवाय लग्न लावा म्हटलंय.

तिसऱ्या तासाला चौकात एक टोपीवाला गायक भेटला. गर्दी होती, लोक चक्क डुलत होते. ठेकू कोपरं मारत पुढे घुसली, रेकॉर्डर वर धरला आणि तिचा चेहराच पडला. ती दर शनिवारी जी गाणी वाजवायची, तीच हा गात होता. त्याच क्रमाने!

"बघ," आत्या कणीस सोलता सोलता म्हणाली, "तुझी कीर्ती दक्षिणेला पोचली."

संध्याकाळपर्यंत हिशेब असा झाला होता की आत्याच्या पिशवीत लोणच्याच्या पाच बरण्या होत्या आणि ठेकूच्या रेकॉर्डरमध्ये आत्याच्या ढेकरा. करारसुद्धा हळूहळू बिघडला होता. पोटाचा तास दीड तासाचा झाला होता आणि कानाचा तास आत्या बाकावर बसून डुलकीत काढत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाच नव्हता, नुसताच वळसा!

रविवारी सकाळीही हात रिकामेच. अकरा वाजले, बारा वाजले. पाचला मॅनेजर, आणि त्यांच्या मागे तो बिनचहाचा फोन. ठेकूचे डोळे घड्याळाला चिकटले आणि आत्याच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"लॉजवाल्या बाईने एक खानावळ सांगितलीय," आत्या म्हणाली. "एक वाजता एकच पंगत बसते. एक वाजून पाच मिनिटं झाली की दार बंद."

"आत्या, आज कानाचा दिवस आहे. सगळा!"

"कान काय, पोटाला चिकटलेलेच असतात. चल."

खानावळ म्हणजे सात टेबलं, एक खिडकी आणि पलीकडे स्वयंपाकघर. मधल्या भिंतीला मोठ्ठा झरोका, त्यामुळे आतलं सगळं दिसायचं. टेबलं भरलेली होती, पण कुणाच्याही पुढे काहीच नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून शाळेच्या प्रार्थनेसारखे गप्प बसले होते. दोघींना एका म्हाताऱ्या शिंपीकाकांच्या टेबलावर जागा मिळाली. गळ्यात मोजमापाची फीत तशीच लोंबत होती.

"मेन्यू कुठाय?" आत्याने विचारलं.

"श्श!" शिंपीकाका म्हणाले. "निघतेय."

"कोण निघतेय?"

तेवढ्यात आत झाकण खणकन वाजलं आणि एक भरदार आवाज सुरू झाला.

"गोगलगाय निघाली गं बहिणीच्या घरी, पाठीवर घर तिचं, घरात शिदोरी..."

गाणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या रश्श्याच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. कढईपाशी त्यांची नणंद, भट्टीपाशी त्यांची धाकटी जाऊ. मोठ्या बाईंनी ओळ टाकली की नणंद आणि जाऊ मिळून उचलायच्या, "पोचंल गं पोचंल, हळूहळू पोचंल." त्या "हळूहळू"वर सुरी कांद्यावर पडायची. टक, टक. कढईत चर्र. खलबत्त्यात धुम. भट्टीचं दार धाडकन. सगळं एका ठेक्यात, जसं काही तिघींना मिळून एकच हृदय होतं.

ठेकूच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

"आत्या," ती कुजबुजली, "सापडलं!"

"मेन्यू?"

"गाणं गं!"

गोगलगाय पानावर थांबली, दवाचा थेंब प्यायली, पुढे निघाली. दुसरं कडवं, तिसरं कडवं. गाणं झकास होतं, त्यात वादच नाही. पण ठेकू पडली डीजे. ती मनात मोजत होती. मिनिटाला चौऱ्याऐंशी ठोके. हॉलमध्ये लोकांना उठवायचं तर एकशे वीस तरी हवेत. आणि एवढं मनात आलं ना, की तिचा हात तिच्या परवानगीशिवाय टेबलावरच्या चमच्याकडे गेला.

टिण. पाण्याच्या पेल्यावर अगदी हलकेच. गाण्याच्या ठोक्याच्या केसभर आधी. टिण. टिण. तबकडीला बोटाने ढकलतात ना, तस्सं. आत नणंदबाईंचा झारा नकळत पेल्याच्या आवाजाशी जुळला. मग जाऊबाई. मग सुरी. ठेकूने परत केसभर पुढे ढकललं. हे तिला येत होतंच हो, हातखंडा होता तिचा!

नवव्या कडव्यापर्यंत गोगलगाय चालायला लागली. पंधराव्यात पळायला. लोकांनी टाळ्या धरल्या. कोपऱ्यातली एक गंभीर चष्मेवाली बाई उठून चक्क गिरकी मारून गेली. आत तिघींच्या कपाळावर घाम, तोंडावर हसू, आणि आवाज असा चढलेला की भिंतीवरची कॅलेंडरं फडफडली. पंचविसाव्या कडव्याला गोगलगाय घोड्यावर बसली असावी. पस्तिसाव्याला तिच्या घोड्याला पंख फुटले.

शिंपीकाका तेवढे टाळ्या वाजवत नव्हते. ते घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचा रंग उतरत चालला होता.

"आली गं आली बहीण, दार उघड!" चाळिसावं कडवं संपलं, तिघींनी एकदम ताटं उचलली, आणि एका मिनिटात सातही टेबलांवर जेवण!

सगळ्यांनी घास घेतला.

आणि शांतता. तबकड्यांच्या दुकानापेक्षा शांत.

आत्याने तोंडातला बटाटा बाहेर काढला आणि टेबलावर टाकला. तो टण्णकन वाजला आणि टप्पा खाऊन शिंपीकाकांच्या मांडीवर गेला. पाव दाबला तर बोट आतच राहिलं, कारण आत नुसतं पीठ होतं. मासा तर इतका ताजा लागत होता की त्याला अजून घरची आठवण येत असावी.

"अठरा मिनिटं!" शिंपीकाका उठून ओरडले. त्यांच्या हातात बटाटा होता. "मोठ्या बाई, गोगलगाय अठरा मिनिटांत पोचली! बावीस वर्षं येतोय मी इथे. पंचवीस मिनिटं लागतात. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही!"

मग उलगडा झाला. या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतंच. मोठ्या बाईंच्या सासूबाईंनी गाणं लावून दिलं होतं आणि सगळा स्वयंपाक त्यावर चालायचा. तिसऱ्या कडव्याला कांदा गुलाबी. मुंगी भेटली की मासा उलटायचा. गोगलगायीला झोप लागली की पाव भट्टीतून बाहेर. चाळिसावं कडवं संपलं की ताटं. झाकण उघडून बघायचं नाही, काटा टोचून बघायचा नाही. गाणं संपलं म्हणजे शिजलं!

मोठ्या बाई बाहेर आल्या. पदराला हात पुसत त्यांनी सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

"मला कुणीतरी ढकललं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं गातेय, माझी मी कधी पळाले नाही. कुणी ढकललं?"

ठेकूची पाचावर धारण बसली. चमचा अजून हातातच होता. तो तिने हळूच आत्याच्या पुढे सरकवला. आत्याने तो तितक्याच हळूच परत सरकवला.

"मी," ठेकू म्हणाली. आवाज बारीकसा, उंदराच्या पिल्लाचा. "काकी, मी डीजे आहे. मला सवय आहे. म्हणजे वाईट हेतू नव्हता. हात आपोआप..."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!" आत्याने मध्येच सगळ्या खानावळीला सांगितलं. "लहानपणापासून अशीच. सात महिन्यांची जन्मली."

"आत्या!"

"खोटं आहे का?"

मोठ्या बाईंचं लक्ष टेबलावरच्या रेकॉर्डरकडे गेलं. त्याचा लाल दिवा लुकलुकत होता.

"हे काय? यात माझं गाणं भरलंस?"

ठेकूने मग सगळं सांगून टाकलं. हॉल, खुर्च्या, वेफर्स, पाच वाजताची मुदत, बिनचहाचा फोन. चहाशी आल्यावर तिचा आवाज जरा चिरकला. नणंदबाईंनी "आई गं" म्हटलं. जाऊबाईंनी नाक ओढलं. मोठ्या बाई मात्र तशाच उभ्या.

"यातलं पुसून टाक," त्या म्हणाल्या. "ते पळतं गाणं या दारातून बाहेर जाणार नाही. उद्या कुणीतरी ते ऐकून स्वयंपाक करेल आणि पोराबाळांना कच्चा मासा घालेल."

आता बोला! त्या रेकॉर्डरमध्ये ठेकूचे सगळे शनिवार होते. असलं पळतं, नाचतं, घामेजलेलं गाणं तिने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मॅनेजरांनी ऐकलं असतं तर चाव्यांसकट नाचले असते. आणि पुसल्यासारखं दाखवणं काय अवघड होतं? ती बटणं तिच्याशिवाय तिथे कुणाला कळत होती? तिने पडदा उघडला, अंगठा फिरवला, चेहरा दुःखी केला आणि भलतंच बटण दाबलं.

"पुसलं," ती म्हणाली.

मग तिने वर पाहिलं. मोठ्या बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी विश्वास ठेवून पाठसुद्धा फिरवली होती. झाकण न उघडता शिजलं म्हणणारी बाई! ती काय लोकांची बटणं तपासणार? त्या टेबलाटेबलावरून कच्ची ताटं गोळा करत होत्या, आणि प्रत्येकाला "माफ करा हं, चुकलं आमचं" म्हणत होत्या. आमचं!

ठेकूने रेकॉर्डर परत हातात घेतला. तिने खरं बटण दाबलं. दिवा एकदा लुकलुकला आणि गाणं गेलं.

"आता पुसलं," ती म्हणाली.

"म्हणजे मघाशी नव्हतं?" शिंपीकाकांनी विचारलं.

"मघाशी... सराव केला."

मोठ्या बाई थांबल्या. वळून बघितलं. त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलल्याचा ठेकूला भास झाला, पण लगेच त्या कामाला लागल्या. उरलेलं पातेल्यात परत, नवीन मासे, नवीन पीठ. गाणं परत पहिल्यापासून! पण सुरू केलं तर भलतंच झालं. नणंदबाई अजून घोड्यावरच होत्या. जाऊबाई घाबरून इतक्या मागे की त्यांची गोगलगाय उंबऱ्यातच अडकली. सुरी एकीकडे, खलबत्ता दुसरीकडे. दोनदा सुरू केलं, दोनदा मोडलं.

"तू मोडलंस," मोठ्या बाई झरोक्यातून म्हणाल्या, "तूच जोड. ये आत."

ठेकू चमचा घेऊन आत गेली. दोन गाणी जोडणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता, पण एक गोष्ट तिने जन्मात केली नव्हती, ती म्हणजे वेग कमी करणं. तिच्या धंद्यात सगळं वरच जायचं. त्यात भिंतीपलीकडे वीस माणसं भुकेने व्याकूळ. टेबलांवर बोटं वाजायला लागली, पटापटा, पटापटा. शिवाय अडीच वाजून गेले होते. पाच कुठे लांब होतं?

टिण. केसभर मागे. टिण. नणंदबाईंचा झारा थबकला, नाराज झाला, मागे आला. जाऊबाईंना थोडं पुढे ओढलं. दोघी एकदाच्या भेटल्या. पण ठेकूचा उजवा पाय! तो बेटा खालून आपला एकशे वीसनेच धावत होता, आणि हातालाही ओढत होता.

"पाय बघ तुझा!" आत्या दारातून ओरडली. "आवर!"

"आवरत नाहीये गं!"

आत्या आली, पाच लोणच्याच्या बरण्यांची पिशवी उचलली आणि धप्पकन ठेकूच्या पायावर ठेवली.

"आई गंऽऽ!"

"अगदी बरोबर सूर," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि पहिली ओळ टाकली.

गोगलगाय निघाली. पानावर थांबली. थेंब प्यायली. मुंगी भेटली तेव्हा मासा उलटला गेला आणि त्याची कड सोन्यासारखी लकाकली. सोळाव्या कडव्याच्या आसपास ठेकूला जाणवलं की आपण मोजत नाही आहोत. आपोआप होतंय. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मधे जागा होती, आणि त्या जागेत वास येत होते. कांद्याचा, पावाचा, लिंबाचा. बाहेर टेबलांवरची बोटं एकेक करून मंदावली. झोप लागली गोगलगायीला, आणि पाव बाहेर आला, टम्म!

बरोबर पंचवीस मिनिटं. शिंपीकाकांनी घड्याळाला मुजरा केला.

जेवणाचं मी काय सांगावं! आत्या संपूर्ण जेवणात एक शब्द बोलली नाही. एवढं म्हटलं तरी आत्याला ओळखणाऱ्यांना पुरे.

ताट पुसून ठेकू परत झरोक्यापाशी गेली. पाय लंगडत होता.

"काकी, मघाचं गाणं, हे हळूवालं, भरून घेऊ का? परत गाल? पाचच मिनिटं."

"आहे तस्सं ठेवणार?"

"हो."

"यंत्रात घालून पळवणार नाहीस?"

ठेकूने रेकॉर्डरकडे पाहिलं. पळवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. "नाही पळवणार."

"शब्द?"

"शब्द."

तिघींनी भांडी घासता घासता आठ कडवी गायली. पावणेपाच वाजता ठेकू पायरीवर बसली. रेकॉर्डरमधून फोनवर उतरवलेलं गाणं पडद्यावर होतं आणि त्याच्याच खाली वेग वाढवायची ती छोटीशी पट्टी. बोट लावायचं, उजवीकडे सरकवायचं. चौऱ्याऐंशीचे एकशे वीस. इथे कुणाला कळणार होतं? तिचं बोट पट्टीवर जाऊन थांबलं.

"पाठव की," आत्या मागून म्हणाली.

"आत्या, हे ऐकून तो मला हाकलेल. याच्यावर कोण नाचणार?"

"मग हाकलेल. आमच्या घरी ये, मी चहा देईन. कितीही."

ठेकूने बोट उचललं, डोळे गच्च मिटले आणि आहे तसं पाठवून दिलं. चार वाजून छप्पन्न मिनिटं.

पाच वाजले. काही नाही. सव्वापाच. आत्याने एक बरणी उघडली. साडेपाच वाजता फोन वाजला आणि ठेकूने तो दोनदा हातातून पाडून तिसऱ्यांदा कानाला लावला.

"डीजे मॅडम! हे काय पाठवलंत?" मॅनेजर जवळजवळ किंचाळत होते. मागे गोगलगाय पानावरून उतरत होती. "याच्यावर नाचायचं कसं?"

"माहीत नाही," ठेकू म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

"माझी आई उठलीय!"

"अं?"

"आई माझी! गुडघे गेलेत तिचे. दर शनिवारी हॉलमध्ये पहिल्या रांगेत आणून बसवतो मी तिला, आणि ती वेफर्स खाते. चार वर्षांत एकदा उठली नाही. म्हणते, तुमच्या त्या गाण्यांवर पाय उचलेपर्यंत गाणंच संपतं. आणि आता जेवणाच्या टेबलाभोवती गोल गोल फिरतेय! बाबांना पण ओढलंय. सहाव्यांदा लावलंय मी हे." मग ते फोन बाजूला करून ओरडले, "आई, दम घे! अगं, टेबलाचा कोपरा!" पुन्हा फोनवर आले तेव्हा धापा टाकत होते. "हॉलमध्ये निम्मे लोक तिच्याच वयाचे असतात हो. मला कधी सुचलंच नाही."

ठेकू पायरीवरच उभी राहिली. "म्हणजे... शनिवार?"

"पहिला अख्खा तास हेच. असंच. वाढवलंत तर आई मला घरात घेणार नाही. नंतर तुमचं ते धावतं काय ते लावा."

"आणि तो फोन? स्पीकर?"

"कुठला फोन?" मॅनेजर म्हणाले. "बरं, ती गोगलगाय पोचते का हो बहिणीकडे? पाच मिनिटांतच गाणं कापलंत तुम्ही. आई विचारतेय, चहालासुद्धा बसत नाहीये. म्हणते, आधी ती पोचू दे."

ठेकूने झरोक्याकडे पाहिलं. आत तिघी हात पुसत उभ्या होत्या आणि अर्थातच सगळं ऐकत होत्या.

"काकी," ती म्हणाली, "अजून बत्तीस कडवी लागतील."

मोठ्या बाईंनी एक कोरडं पातेलं पालथं घातलं, त्यावर झारा आपटला आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, वेळ लागेल. तोवर बसू नका म्हणावं."